जुनी मियाटा लांबच्या प्रवासाला काढताना: नवख्या मालकांसाठी क्रमवार तयारी

कॅलिफोर्नियात नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेल्या माझ्या ओळखीच्या तिघाचौघांनी गेल्या काही वर्षांत माझदाची पहिल्या पिढीची मियाटा हौसेने विकत घेतली. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या वाहन-प्रदर्शनात प्रथम दिसलेली आणि १९९७ पर्यंत हिरोशिमात तयार झालेली ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी आता तिशीच्या घरात किंवा तिशीपलीकडे आहे. भारतात ती सहसा पाहायलाही मिळत नाही, त्यामुळे घरच्या वडीलधाऱ्यांचा किंवा गावाकडच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याचा अनुभव येथे कामी येत नाही. सुरुवातीचे काही महिने समुद्रकाठच्या रस्त्यावर रविवारच्या फेऱ्या मारून झाल्या, की प्रत्येकाला सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून पलीकडे जावेसे वाटते, आणि मग मला फोन येतो. हा लेख त्या फोनवर मी जे सांगतो त्याचे लेखी रूप आहे.

मी स्वतः १९९२ ची गाडी घेऊन बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या परिसरातून) यू. एस. ५० या महामार्गाने नेवाडा ओलांडून युटापर्यंत दोनदा गेलो आहे. पहिल्या खेपेस वाटेत दोन दिवस अडकून पडलो आणि दुसऱ्या खेपेस काहीही घडले नाही. या दोन प्रवासांत फरक पडला तो एकाच समजुतीमुळे. पहिल्या वेळी मी ओडोमीटरवरचा कमी आकडा पाहून निर्धास्त झालो होतो. दुसऱ्या वेळी गाडीतील रबराची प्रत्येक वस्तू किती वर्षांची आहे, याची यादी करून मगच निघालो. या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स दणकट आहेत. दगा देतात ते होज, पट्टे, सील, ओ-रिंग आणि टायर. गाडी गॅरेजमध्ये झाकून ठेवली म्हणून त्यांचे वय थांबत नाही.

१. आधी गाडीची नेमकी ओळख करून घ्या

१९९३ पर्यंतच्या गाड्यांत १.६ लिटरचे आणि १९९४ पासून १.८ लिटरचे इंजिन आहे. पेट्रोलची टाकी पहिल्या गाड्यांत ४५ लिटरची, तर नंतरच्या गाड्यांत ४८ लिटरची आहे. सुटे भाग मागवताना केवळ वर्ष सांगून भागत नाही, इंजिनही सांगावे लागते.

गाडी १९९० किंवा १९९१ ची असेल, तर आणखी एक गोष्ट स्वतः वाकून पाहा. इंजिनच्या समोर सर्वांत खाली जी क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची, पुली आहे, तिच्यावर चार खाचा आहेत की आठ, हे मोजा. चार खाचा असतील तर क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड आहे. अशा इंजिनात टायमिंग बेल्ट (क्रँकच्या जोरावर व्हॉल्व वेळेवर उघडवणारा दात्यांचा पट्टा) बदलताना पुलीचा मधला बोल्ट नीट बसवला गेला नाही, तर आतील चावीची खाच झिजत जाते, पुली डगमगू लागते आणि इंजिनची ताकद कमी होते. इंजिन चालू ठेवून पुलीकडे काही क्षण नीट पाहा. ती सरळ फिरत असेल तर घाबरण्याचे कारण नाही, पण पुढे हे काम ज्याच्याकडे द्याल, त्याला ही गोष्ट ठाऊक आहे की नाही हे आधी विचारून घ्या. चार खाचांचा अर्थ ज्याला सांगावा लागतो, त्याच्या हाती ते काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर आधीच्या मालकाची बिले चाळा. ज्या कामाचे बिल नाही ते काम झालेलेच नाही, असे धरून चाला. विकणाऱ्याने तोंडी सांगितलेले ‘सगळे नुकतेच बदलले आहे’ हे वाक्य हिशेबात घेऊ नये.

२. दुरुस्तीचे वेळापत्रक मागून पुढे आखा

निघण्याच्या तारखेपासून सहा आठवडे मागे या. पहिल्या आठवड्यात तपासणी करून भाग मागवा, पुढच्या दोन आठवड्यांत कामे उरका, चौथ्या आठवड्यात तालमीची फेरी मारा, आणि शेवटच्या दहा दिवसांत गाडीचा एकही नट सोडवू नका.

हा शेवटचा नियम अनेकांना विचित्र वाटतो. प्रवासाच्या आदल्या दिवशी गाडी गॅरेजमधून ताजी होऊन यावी, ही आपली स्वाभाविक इच्छा असते. पण सैल राहिलेला क्लॅम्प, तिरका बसलेला सील किंवा मुळातच सदोष निघालेला नवा भाग आपले रूप पहिल्या दोनतीनशे मैलांत दाखवतो. ते मैल घराजवळ पडावेत, वाळवंटात पडू नयेत.

सुट्या भागांची या गाडीला टंचाई नाही. खुद्द माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये या पिढीच्या गाड्यांच्या पुनरुज्जीवनाचा उपक्रम जाहीर केला आणि काही बंद पडलेले भाग पुन्हा बनवायला घेतले. तथापि भाग उपलब्ध असणे वेगळे आणि उद्या सकाळी हातात पडणे वेगळे. १४ इंची टायर तर आता बहुतेक दुकानांत मागवूनच घ्यावे लागतात.

३. इंजिन थंड ठेवणारी व्यवस्था

लहानपणी पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटात बोनेट उघडून, वाफा सोडत ओळीने उभ्या असलेल्या फियाट आणि अँबेसेडर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या टप्प्याचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. सिएराची चढण त्या घाटाहून कितीतरी लांब आहे. यू. एस. ५० वरील एको समिट ही खिंड ७,३८२ फुटांवर आहे, आणि सॅक्रामेंटो जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. म्हणजे पहिल्याच दिवशी, पूर्ण सामानानिशी, गाडीला सात हजार फूट चढायचे आहे.

प्रथम रेडिएटरची वरची टाकी पाहा. ती काळ्या प्लॅस्टिकची असते. काळा रंग जाऊन तिच्यावर तपकिरी किंवा शेवाळी छटा आली असेल, तर ते प्लॅस्टिक ठिसूळ झाले आहे आणि ते कधी तडकेल याचा नेम नाही. ती आज गळत नाही, म्हणून चालढकल करू नका. रेडिएटर बदला, आणि त्याबरोबर त्याचे झाकण आणि थर्मोस्टॅटही (इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) नवे घ्या. हे दोन्ही भाग स्वस्त आहेत.

मग होज पाइप पाहा. वरचा आणि खालचा मोठा होज सर्वांना दिसतो. हीटरकडे जाणारे दोन होज मात्र इंजिनच्या मागे, काचेखालच्या भिंतीजवळ दडलेले असतात आणि तेच विसरले जातात. या गाडीत सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर नावाचा, ठिणगीची वेळ ठरवण्यास मदत करणारा एक भाग आहे. त्याची ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, काही वर्षांत कडक होते, तेथून तेल झिरपते आणि नेमके खालच्या हीटरच्या होजवर टपकत राहते. तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. म्हणून इंजिनच्या मागच्या बाजूस बॅटरीचा दिवा धरून बोट फिरवा. बोटाला तेल लागले तर ओ-रिंग आणि ते दोन्ही होज एकाच वेळी बदला. ओ-रिंग बदलताना सेन्सर सोडवावा लागतो, आणि तो परत बसवल्यावर इग्निशनचे टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, टायमिंग लाइट या खास दिव्याने तपासून पुन्हा लावावे लागते. ते न तपासता गाडी परत देणारे लोक आहेत. त्यामुळे बिलावर तसे लिहून घ्या.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि डिस्टिल्ड पाणी समप्रमाणात भरा. भरताना गाडीचे नाक थोडे उंच ठेवून, हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवून आणि रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून इंजिन चालू द्या, म्हणजे आत अडकलेली हवा बाहेर येते. त्यानंतर गाडी जागेवरच चालू ठेवून पंखा आपोआप सुरू होतो की नाही, ते पाहा. वातानुकूलन असेल तर तेही सुरू करून दुसरा पंखा फिरतो का, ते पाहा.

एक सापळा येथे आहे. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्याच्या जरा खाली येऊन स्थिरावतो आणि मग तापमान बरेच वाढले तरी जागचा फारसा हलत नाही. तो हलू लागला, म्हणजे वेळ बरीच झाली आहे असे समजा. अशा वेळी वातानुकूलन बंद करा, हीटर पूर्ण जोरात सोडा, टप उघडा आणि सुरक्षित जागा दिसताच थांबा. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन निवेपर्यंत उघडू नका.

४. पट्टे

टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना बदलावा, असे कंपनीचे सांगणे आहे. तो तुटला तरी या इंजिनात व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळत नाहीत, त्यामुळे इंजिन बचावते. या गोष्टीचा आधार घेऊन लोक काम पुढे ढकलतात. इंजिन बचावले तरी गाडी जागेवरच बंद पडते, आणि ती जागा तुम्ही निवडलेली नसते. पट्ट्याचे वय सात वर्षांहून अधिक असेल किंवा ठाऊकच नसेल, तर तो बदला. त्याच वेळी पाण्याचा पंप, ताण देणाऱ्या पुल्या आणि कॅम व क्रँकचे पुढचे सीलही बदला, कारण मजुरी एकदाच लागते.

बाहेरच्या दोन पट्ट्यांपैकी जो अल्टरनेटर फिरवतो, तोच पाण्याचा पंपही फिरवतो. म्हणजे तो तुटला तर चार्जिंग आणि इंजिन थंड ठेवणे या दोन्ही गोष्टी एकदम थांबतात. नवा पट्टा बसवा आणि जुना चांगला असल्यास डिकीत ठेवा.

५. क्लचचा छोटा सिलिंडर

पहिल्या प्रवासात मला अडकवले ते याच भागाने, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

मियाटाचा क्लच द्रवाच्या दाबावर चालतो. पेडल दाबले, की बोनेटखालचा मास्टर सिलिंडर नळीतून द्रव ढकलतो आणि गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेला दुसरा, मुठीएवढा सिलिंडर क्लचचा काटा हलवतो. या दुसऱ्या सिलिंडरला स्लेव्ह सिलिंडर म्हणतात. त्याच्या आतली रबरी वाटी झिजली, की द्रव हळूहळू बाहेर येतो. या गाडीचा हा सर्वांना ठाऊक असलेला कच्चा दुवा आहे.

निघण्यापूर्वी महिनाभर आधी क्लचच्या टाकीतील द्रव किंचित कमी झालेला मला दिसला होता. मी तो भरला आणि विसरून गेलो. नवा रेडिएटर बसवला होता, नवे टायर घातले होते, त्यामुळे मन निश्चिंत होते. नेवाडातील ऑस्टिन हे लहान गाव सोडून तीसएक मैल गेलो असेन, तेव्हा पेडल जमिनीला टेकले ते वर आलेच नाही. दोन्ही दिशांना रस्ता दिसेनासा होईपर्यंत सरळ होता आणि वाहन एकही नव्हते. फोनला सिग्नल नव्हता. टाकीत ब्रेकचा द्रव भरून, पेडल पायाने वर ओढून पुन्हा पुन्हा दाबल्यावर दोनतीन वेळा गिअर पडले, आणि मग तेही बंद झाले. उरलेले अंतर मी क्लचविना कापले. भागासाठी दोन दिवस थांबावे लागले. तो भाग रेडिएटरच्या निम्म्याहूनही स्वस्त होता, आणि तो बदलण्याचे काम दोन बोल्ट आणि एका नळीचे आहे.

तपासणी अशी करा. टाकीतील द्रवाच्या पातळीवर बाहेरून खूण करा आणि दोन आठवड्यांनी पाहा. पातळी खाली गेली असेल तर आणखी पुराव्याची गरज नाही. गाडीखाली जाऊन स्लेव्ह सिलिंडरचे रबरी टोपण हलकेच मागे सारा. आत ओल दिसली तरी तोच निष्कर्ष. माझा सल्ला असा, की वय ठाऊक नसेल तर तपासणीत वेळ न घालवता स्लेव्ह सिलिंडर, त्याच्याकडे जाणारी रबरी नळी आणि शक्य असल्यास मास्टर सिलिंडरही एकत्र बदलावेत. केवळ एक नवा बसवला, तर वाढलेला दाब दुसऱ्या जुन्या सिलिंडरची परीक्षा घेतो.

क्लचविना गाडी चालवण्याचा सराव मोकळ्या मैदानात एकदा तरी करून ठेवा. पहिल्या गिअरमध्ये ठेवून स्टार्टर मारला की गाडी धक्क्याने पुढे सरकते आणि चालू होते. वरचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटर सोडून, इंजिनचा वेग उतरेपर्यंत थांबून, दांडा जोर न लावता सरकवायचा. ही युक्ती रोज करायची नाही, पण ती येत असेल तर माणूस पुढच्या गावापर्यंत पोहोचतो.

६. ब्रेक आणि टायर

ब्रेकचा द्रव हवेतील ओलावा शोषतो आणि त्यामुळे लवकर उकळू लागतो. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो, असे हा मानक सांगतो. एको समिटपलीकडे लेक टाहो या सरोवराच्या बाजूला उतरताना ब्रेकवर सतत पाय ठेवणाऱ्या नवख्या चालकासाठी हा फरक लहान नाही. दोन वर्षांहून जुना द्रव असेल तर पूर्ण बदला, आणि त्याच वेळी चाकांजवळच्या चारही रबरी नळ्यांना वाकवून भेगा पाहा. मागच्या चाकांचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड चकतीवर दाबणारे भाग, या गाडीत अडकतात. फेरीहून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. एक चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले असेल तर तेथे ब्रेक घासत राहिला आहे.

टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतर येणारे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी सहा वर्षांहून जुन्या टायरवर मी वाळवंटात जाणार नाही. मूळ माप १८५/६० आर १४ आहे आणि दारावरील पाटीवर हवेचा दाब २६ पीएसआय दिला आहे. आजच्या गाड्यांच्या मानाने हा आकडा फार कमी वाटतो, आणि टायरवाले सवयीने ३५ भरून देतात. त्यामुळे गाडी रस्त्यावर उड्या मारू लागते. घरी येऊन दाब स्वतः मोजा. चाकांचे नट टॉर्कच्या पान्याने ६५ ते ८७ फूट-पौंड या मर्यादेत आवळा आणि पन्नास मैलांनी पुन्हा एकदा पाहा.

७. वीज आणि ठिणगी

या गाडीची बॅटरी डिकीत आहे, आणि म्हणून ती साधी असून चालत नाही. मूळ बॅटरी सीलबंद प्रकारची असते आणि तिच्यातील वायू बारीक नळ्यांवाटे गाडीबाहेर सोडलेला असतो. स्वस्त, साधी बॅटरी बसवली तर आम्लाच्या वाफांनी डिकीचा तळ गंजतो. नळ्या जागेवर आहेत ना, हे पाहा. इंजिन चालू असताना बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट दिसावेत.

स्पार्क प्लग आणि त्यांच्या तारा एकत्र बदला. जुन्या तारा सपाट रस्त्यावर नीट चालतात आणि चढणीवर जोर पडला की गाडी अडखळू लागते. पेट्रोल फिल्टर गाडीच्या मागच्या भागात खालून बसवलेला असल्याने वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. तोही बदलून घ्या.

वर उघडणारे हेडलाइट अर्धवट अडकले, तर बोनेटखाली त्यांच्या मोटरवरील रबरी टोपण काढून आतील मूठ हाताने फिरवता येते. हे घरी एकदा करून पाहा.

इंजिन सुरू करताच पहिली काही मिनिटे शिवणयंत्रासारखी टिकटिक ऐकू आली, तर काळजी करू नका. ती या इंजिनाची जुनी खोड आहे. तेल ताजे असेल तर ती लवकर थांबते.

८. टप आणि पाण्याच्या वाटा

नेवाडात पाऊस कमी पडतो, म्हणून या टप्प्याकडे दुर्लक्ष होते. सिएरात दुपारी येणारी वादळे मात्र ऐन उन्हाळ्यातही भिजवतात. कापडी टपावरचे पाणी आसनांमागच्या दोन्ही कोपऱ्यांतील नळ्यांतून खाली जाते. त्या नळ्यांत पाने आणि माती साठली, की पाणी गालिच्याखाली आणि दाराखालच्या पत्र्यात मुरते, आणि गाडी आतून गंजू लागते. मऊ प्लॅस्टिकची नळी हलकेच आत सरकवून वाट मोकळी करा, आणि वरून पेलाभर पाणी ओतून ते मागच्या चाकासमोर खाली पडते ना, हे पाहा. लोखंडी तार वापरू नका, तिने नळीला भोक पडते. मागची काच प्लॅस्टिकची असेल, तर टप खाली करण्यापूर्वी तिची चेन उघडून ती सपाट ठेवा. पहाटेच्या थंडीत न उघडता दुमडलेली काच तडकते.

९. तालमीची फेरी

कामे झाल्यावर किमान दोनशे मैलांची एक फेरी करा, आणि ती पूर्ण सामान भरून करा. बे एरियात राहणाऱ्यांसाठी माझ्या मते उत्तम वाट म्हणजे सॅन होजेहून माउंट हॅमिल्टनवरील लिक वेधशाळेपर्यंत चढून, पलीकडे उतरून, सॅन अँटोनियो खोऱ्यातून लिव्हरमोरला येणे. ही वाट चढणीची, वळणांची आणि निर्जन आहे. वाटेत फोन फारसा चालत नाही. लिव्हरमोरहून पुढे महामार्गावर तासभर एका वेगाने गाडी चालवा, कारण सततच्या वेगात जे दोष उघड होतात ते वळणांत होत नाहीत. घरी येऊन गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरा आणि सकाळी त्यावरचे डाग वाचा. हिरवा किंवा गुलाबी डाग कूलंटचा, तपकिरी तेलाचा, आणि फिकट, पाण्यासारखा पण बुळबुळीत डाग ब्रेक किंवा क्लचच्या द्रवाचा.

१०. कागदपत्रे

सर्व कागद छापील स्वरूपात बरोबर ठेवा, कारण ज्या ठिकाणी ते लागतील त्या ठिकाणी फोन चालेलच असे नाही.

– गाडीची चालू नोंदणी आणि विम्याचा पुरावा
– वाहनचालक परवाना
– ग्रीन कार्ड. व्हिसावर असाल तर आय-९४ ची (अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीची) प्रत आणि पासपोर्ट. अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने आपली नोंदणीची कागदपत्रे जवळ बाळगावीत, असा अमेरिकेचा कायदा आहे, आणि दुसऱ्या राज्यात आपण ते सोयीने विसरतो.
– रस्त्यावरील मदतीच्या सदस्यत्वाचे कार्ड
– इंजिनचा प्रकार, भागांचे क्रमांक आणि केलेल्या कामांच्या तारखा लिहिलेला एक कागद

गाडीच्या मालकीचा मूळ दाखला मात्र घरीच ठेवा. गाडीबरोबर तोही चोरीला गेला तर दुहेरी नुकसान होते. जुन्या गाड्यांसाठी ठरलेल्या किमतीचा विमा घेतला असेल, तर त्यात मैलांची किंवा वापराची मर्यादा आहे का, हे करारात वाचा.

मदतीच्या सदस्यत्वात किती मैल ओढून नेतील, हा एकच प्रश्न महत्त्वाचा आहे. ट्रिपल ए या संस्थेच्या प्लस सदस्यत्वात तो आकडा १०० मैल आहे. याच रस्त्यावरील फॅलन ते ऑस्टिन या गावांमधले अंतर सुमारे ११० मैल आहे, हे लक्षात घेतले की मूळ, स्वस्त सदस्यत्व का पुरत नाही ते कळते. सदस्यत्व आधीच घ्या आणि ते कोणत्या तारखेपासून लागू होते, हे विचारून घ्या.

११. हत्यारे आणि सामान

या गाडीच्या डिकीत दोन मऊ पिशव्या आणि हत्यारांची एक पिशवी, एवढेच मावते. कठीण पेटी आणू नका. पंक्चरच्या बाबतीत एक अडचण बहुतेकांना रस्त्यावरच समजते: अरुंद स्टेपनी बसवल्यावर काढलेले रुंद चाक ठेवायला जागाच उरत नाही. दोन माणसे आणि सामान असताना ते चाक सहप्रवाशाच्या मांडीवर घ्यावे लागते. शिवाय स्टेपनीवर ताशी ५० मैलांच्या वर जाता येत नाही. म्हणून स्टेपनी असतानाही पंक्चर बुजवण्याचा संच आणि १२ व्होल्टवर चालणारा हवेचा छोटा पंप घ्याच.

– १०, १२, १४ आणि १७ मिलिमीटरची सॉकेट. चाकांच्या नटांसाठी २१ मिलिमीटरचे सॉकेट आणि लांब दांड्याचा पाना
– स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, मल्टिमीटर, डोक्याला लावायचा दिवा
– एक लिटर इंजिन तेल, ब्रेक द्रवाची लहान बाटली, चार लिटर पाणी गाडीसाठी आणि तेवढेच माणसांसाठी
– होजचे क्लॅम्प, स्वतःला चिकटणारी सिलिकॉनची पट्टी, प्लॅस्टिकच्या बांधण्या, फ्यूज
– जुना पट्टा, आणि जुना पण चालता कॅम अँगल सेन्सर मिळाला तर तो

जॅक दाराखालच्या पत्र्याच्या शिवणीवर नेमक्या खाचांमध्येच लावा आणि मध्ये रबराचा तुकडा ठेवा. इतरत्र लावला तर पत्रा दुमडतो, आणि त्या दुमडीतून गंज शिरतो.

१२. प्रत्यक्ष रस्त्यावर

‘लाइफ’ नियतकालिकाने १९८६ मध्ये यू. एस. ५० च्या नेवाडातील भागाला अमेरिकेतील सर्वांत एकाकी रस्ता म्हटले, आणि नेवाडाने ते बिरूद पाट्यांवर मिरवले. आज वाहतूक अगदीच तुरळक नसली तरी गावे तेवढीच आहेत. फॅलननंतर ऑस्टिन, तेथून युरेका सुमारे ७० मैल, युरेकाहून इली ७७ मैल, आणि इलीहून युटातील डेल्टा सुमारे दीडशे मैल. भरलेल्या टाकीत ही गाडी अडीचशे मैल सहज जाते, त्यामुळे गणित जुळते. पण ते गणित प्रत्येक गावात टाकी भरली तरच जुळते. लहान गावातील एकमेव पंप बंद असणे अशक्य नाही.

सकाळी इंजिन थंड असताना तेल, कूलंट आणि क्लचची टाकी पाहा. या तीन गोष्टींना पाच मिनिटे लागतात. १९९४ पर्यंतच्या गाड्यांत तेलाच्या दाबाचा काटा खरा आहे: तो वेगाबरोबर वर जातो आणि गरम इंजिन जागेवर उभे असताना बराच खाली येतो. त्यात वावगे काही नाही. धावत्या गाडीत तो अचानक पडला, तर मात्र तत्क्षणी इंजिन बंद करा.

अंधारात गाडी चालवणे टाळा. कुंपणाविना मोकळ्या माळावर गुरे चरतात आणि हरणेही रस्त्यावर येतात. या गाडीत तुमची नजर इतर वाहनांपेक्षा बरीच खाली असते, आणि जुन्या हेडलाइटचा उजेड आजच्या मानाने मंद आहे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात निघालात, तर दुपारचा ताप कमी असतो आणि टप उघडा ठेवता येतो. मात्र सूर्य मावळला की दोन तासांत थंडी पडते, तेव्हा कानटोपी हाताशी ठेवा.

युटात शिरल्यावर पंपावरील सर्वांत स्वस्त पेट्रोल ८५ ऑक्टेनचे असते, कारण उंचावरील राज्यांत तशी विक्री चालते. या गाडीच्या पुस्तिकेत ८७ सांगितले आहे. सवयीने डावीकडचे पहिले बटण दाबण्यापूर्वी त्यावरचा आकडा वाचा आणि एक पायरी वरचे पेट्रोल भरा.